परवाना

मंगळवारी आणि शुक्रवारी
ओल्ड कस्टम हाऊसचा जिना उतरून
मी फ्रेंच शिकायला जाते.
अठ्ठावीस वर्षं उत्पादन शुल्क, टेबल क्रमांक चार.
‘आरोग्याच्या जतन व संवर्धनासाठी’
असं छापलेलं असतं पिण्याच्या परवान्यावर.
मी वाचून दाखवते, माणसं ओशाळून हसतात
आणि सहीला माझंच पेन मागतात.

फोर्टात, चष्म्याच्या दुकानावर, पेरिझाद मिसचा वर्ग.
आम्ही नऊ जण. हॉटेलात वाढपी असलेला पास्कल,
कॅनडाची घाई झालेली जुळी भावंडं,
आणि मी, निवृत्तीला चौदा महिने.
“व्हँ,” मिस म्हणतात, “नाकात सोडा. ओठ मिटू नका.”
मला लगेच जमलं. आमच्या घरी
हा विषय नेहमी नाकानंच बोलला गेलाय.

आज म्हणी होत्या.
लाच म्हणजे तिकडे वाइनचा बुधला, पो-द-व्हँ.
सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला.
म्हटलं, आमच्यात चहापाणी असतं.
आम्ही शुद्धीवर घेतो.

वाइन काढली पिपातून, आता प्यायलाच हवी,
म्हणजे मांडलास डाव तर निभाव.
आई हेच म्हणायची, पदर खोचत,
फक्त पिपाचं नाव न घेता.

मिस सांगत होत्या : तिथे ती वेदीवर रक्त असते,
ताटाशेजारी सोबत असते,
तिच्या चवीवरून गाव ओळखतात,
आपण आडनावावरून ओळखतो तसं.
मी वहीत लिहीत होते आणि मनात म्हणत होते,
आमच्याकडे एकच शब्द.
तोच तोफेत ठासतात, तोच पेल्यात ओततात.
दारू.
उडतं ते घर.

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, आव्हुआर ल व्हँ त्रिस्त.
एखाद्याची वाइन दुःखी असते.
म्हणजे प्यायल्यावर तो भांडत नाही, गात नाही,
आत कुठेतरी उतरतो आणि तिथेच बसून राहतो.
हा दोष नाही, म्हणाल्या,
कुणाचे डोळे घारे असतात, तसं.

माझी वही तिथेच थांबली.

अण्णा गोदीत टॅली क्लार्क होते.
रात्री चपलांच्या फळीवर बसायचे, आत न येता,
आणि बंदर सोडून गेलेल्या बोटींची नावं घ्यायचे
एकेक करून, मेलेल्या नातेवाइकांची घ्यावीत तशी.
रडायचे. कधी हात उगारला नाही.
आम्हाला सांगायला काहीच नव्हतं त्यामुळे,
शेजारणींच्या गोष्टींत निदान वळ असायचे.
चाळीनं एक शब्द दिला होता, आम्ही तोच वापरला.
मृत्यूच्या दाखल्यावर यकृत लिहिलं.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. शेवटची म्हण :
आपल्या वाइनमध्ये पाणी घालणं.
म्हणजे हट्ट सैल करणं, थोडं मागे सरणं.

आई खरोखर घालायची.
ते झोपले की क्वार्टर बाटलीत, औषधाच्या चमच्यानं,
मोजून सहा, नंतर नंतर आठ.
मला वाटायचं, फसवतेय.
पण त्यांना कळत होतं.
दुसऱ्या दिवशी बाटली उजेडात धरून बघायचे,
रंग उतरलेला असायचा,
आणि काही न बोलता पेला भरायचे.
सोळा वर्षं.
दोघांपैकी कुणालाही ही म्हण माहीत नव्हती.

वाक्यात उपयोग करा, मिस म्हणाल्या.
मी उभी राहिले. माझ्या वडिलांची वाइन दुःखी होती,
असं म्हटलं, क्रियापद भूतकाळी, बरोबर.
“छान! तांबडी की पांढरी?”
वर्ग हसायच्या तयारीत.

“नारंगी,” मी म्हटलं, “देशी.
त्यांच्याकडे परवाना नव्हता.”